पायाळूचा डावा घोटा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले, आणि त्यातही उजवा. हे मला आईनं सांगितलं आणि आईला सुईणीनं. मोहोळच्या अलीकडं आमचं गाव. मेंढरांवर जगणारं घर. तिथं पायाळू पोर म्हणजे सगळ्या गावाच्या उपयोगाची वस्तू. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस जमिनीवर पालथा पडायचा आणि मी त्याच्या मानेपासून कंबरेपर्यंत उजवा पाय तीनदा फिरवायचा. त्या वेळी पायाळूनं भिंतीला, काठीला, माणसाला, कशालाच धरायचं नसतं. धरलं तर गुण तिकडं उतरतो. दहा वर्षांचा होईपर्यंत निम्म्या गावाच्या पाठी मी तुडवल्या होत्या. त्यांत आमच्या शाळामास्तरांचीही होती. शाळेत मला कधी छडी बसली नाही, त्याचं कारण माझी हुशारी, असं मी पुढं पुष्कळ वर्षं समजत होतो.

पुण्याला कॉलेजात चार वर्षं ही गोष्ट मी कुणाला कळू दिली नाही. बी. ए. झालो. आमच्या घरात कागदावर सही करणारा मी पहिला. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. विनयाचं सोंग मला जमत नाही.

पदवी घेऊन सोलापुरात आलो, एका शाळेत तात्पुरती मास्तरकी धरली आणि विणकरांच्या आळीत एक खोली घेतली. घरमालकीण तेलुगू बोलणारी. तिला सगळी आळी अक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो. तिचा नवरा, ज्याला मी मामा म्हणत असे, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत विणत बसे आणि उठताना भिंतीला धरून उठे.

त्याच वर्षी एका सरकारी खात्यात पदवीधरांसाठी जागा निघाल्या. काम फिरतीचं, म्हणून उमेदवारानं साहेबांसमोर दोन मैल अठरा मिनिटांच्या आत पळून दाखवायचं आणि मग डॉक्टरकडून पाय तपासून घ्यायचे, असा नियम होता. वयाची अट पंचविसाची. मला चोविसावं सरत आलं होतं. म्हणजे एकच संधी. आबांना, म्हणजे वडिलांना, मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं की बी. ए. झाल्यावर पळायला लावतात, तर मग शिकवतात कशाला.

परीक्षेला नऊ आठवडे होते. पळणं मला नवं नव्हतं. लहानपणी मेंढरांमागं काळ्या रानातून अनवाणी पुष्कळ पळालो होतो. पण साहेबासमोर पदवीधरानं अनवाणी पळणं बरं दिसणार नाही, असा विचार करून मी कॅनव्हासचे बूट घेतले. हा विचार माझा मीच केला होता, दुसऱ्या कुणावर त्याचा दोष नाही. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला निघायचं, किल्ल्याला वळसा घालून तळ्यापर्यंत जायचं आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत परत यायचं, असा क्रम ठरवला. त्या काळी मोठ्या माणसानं रस्त्यानं पळायची दोनच कारणं लोकांना ठाऊक होती. पाळीवर जाणारे गिरणीकामगार मला बघून म्हणत, “आवं, दुसरा भोंगा व्हायचाय की अजून. दमानं जावा.” पोलीस काही म्हणत नसे, पण माझ्यामागून कुणी ओरडत येतंय का ते बघे.

पहिल्या आठवड्यात टाचांना फोड आले. मी ते सुईनं फोडले आणि तसाच पळालो. त्यामुळं फोडांच्या जागी जखमा झाल्या आणि मी पाय वाकडा टाकू लागलो. पाय वाकडा टाकल्यामुळं दुसऱ्या आठवड्यात दोन्ही नडग्या ठणकू लागल्या. नडग्या सांभाळत पळताना तिसऱ्या आठवड्यात तळ्याच्या वळणावर बैलगाडीच्या चाकोरीत डावा पाय गेला आणि घोटा मुरगळला. एका फोडापासून घोट्यापर्यंत मी असा टप्प्याटप्प्यानं पोचलो. आता सांगताना हा क्रम स्पष्ट दिसतो. तेव्हा मला तीन वेगवेगळी दुर्दैवं वाटली होती.

अक्कानं घोटा बघितला आणि आंबेहळदीचा गरम लेप दिला. माझ्याकडं पुण्याहून आणलेलं प्रथमोपचाराचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात थंड पाण्याच्या पट्ट्या लिहिल्या होत्या. अक्काचं मन मोडवेना आणि पुस्तकाचा अपमान करवेना, म्हणून सकाळी थंड आणि संध्याकाळी गरम असं मी ठेवलं. सूज बरीच उतरली. उपाय कुठला लागू पडला ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी दोन्ही चालू ठेवले.

याच सुमारास आबा बाजाराला मेंढरं घेऊन आले आणि माझ्याकडं उतरले. मामा तेव्हा उसणीनं आडवा पडला होता. सहावा दिवस होता. आबांनी त्याच्याकडं बघितलं आणि अक्काला म्हणाले, “घरात पायाळू ठेवलाय आन् मानूस हितं इवळतंय व्हय?”

मी डोळ्यांनी खुणावलं. आबांना डोळ्यांची खूण समजत नाही. मेंढरांना तिचा उपयोग नसल्यामुळं ते ती कधी शिकले नसावेत.

त्या रविवारी मी मामाच्या पाठीवरून तीनदा उजवा पाय फिरवला. मंगळवारी मामा मागावर बसला. उसण बहुधा आठ दिवसांत आपली आपण जाते, हे मी वाचलेलं होतं. पण तसं मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी पाच जण आले. त्याच्या पुढच्या रविवारी चौदा. खड्ड्यात पाय सोडून वाकून बसणाऱ्यांची अख्खी आळी ती. तिथं सरळ पाठ एकट्या माझीच होती. माणसं अक्काच्या ओसरीवर ओळीनं पालथी पडत आणि मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जात असे. माझा लंगडा पाय बघून कुणीतरी हळहळलं, तेव्हा अक्का म्हणाली, “डावा आहे तो. देवाची दया, कामाचा पाय चांगला आहे.” सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या. मलाही ते पटलं.

मला नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. पण आदल्या दिवसापर्यंत ज्या आळीत मी ‘भाडेकरू मास्तर’ होतो तिथं आता म्हातारे मला बघून उठून उभे राहत. पदवीला बघून अजून कुणी उठलेलं नव्हतं.

मी शास्त्रशुद्ध माणूस, म्हणून एक वही केली होती. रोज किती पळालो, रस्ता कोणता, बूट की अनवाणी, जेवण काय, हवा कशी, घोट्याची सूज किती, हे सगळं तिच्यात लिहीत असे. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींवरून एक गोष्ट ठळक दिसली. शनिवारी घोटा जवळजवळ बरा असे आणि सोमवारी सकाळी पुन्हा सुजलेला असे. मध्ये रविवार. रविवारी मी पळत नसे. तो वहीत ‘विश्रांती’ असा लिहिलेला असे. मी विचार केला. सोमवार ते शनिवार पळतो आणि घोटा सुधारतो. रविवारी विश्रांती घेतो आणि घोटा बिघडतो. यावरून निष्कर्ष एकच निघत होता, की माझ्या घोट्याला विश्रांती मानवत नाही. तो मी वहीत शाईनं लिहून खाली रेघ ओढली, आणि पुढच्या रविवारपासून पहाटे पळून येऊन मग ओसरीवर उभा राहू लागलो.

बी. ए. ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं, हे इथं सांगून टाकतो.

त्या सोमवारी पाय बुटात जाईना. परीक्षेला चार आठवडे उरले होते. मी तालमीच्या वस्तादांकडं गेलो. हे सोलापुरातले जुने मुसलमान गृहस्थ, पैलवानांची लचक काढण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नाही. त्यांनी घोटा दोन्ही अंगठ्यांनी चाचपला, हाड शाबूत आहे म्हणाले, आणि विचारलं की यावर रोज कोण बसतंय. मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, “झूट नक्को बोलो. कोई तो बैठता.” मी वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि आदरानं परत दिली. चार दिवस चालणंसुद्धा बंद कर म्हणाले. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, विश्रांतीचा परिणाम यांना ठाऊक नाही.

त्या रविवारी आबा आले. बाजाराचा दिवस नव्हता. गावातल्या कुणीतरी मला सोलापुरात लंगडताना पाहिलं होतं आणि जाऊन सांगितलं होतं. ते आले तेव्हा ओसरी भरलेली होती. ते दारात घोंगडी टाकून बसले, तंबाखू मळली, आणि पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत बघत राहिले. माणसं उठून गेली. मी भिंतीला टेकलो.

“किती झाली?” त्यांनी विचारलं.

“बावीस.”

“येकाला तीन डाव?”

“तीन डाव.”

“आन् हुबा कुटल्या पायावर ऱ्हातुयास?”

मी खाली बघितलं. डावा पाय घोट्याच्या वर टम्म झाला होता. तासभर, कशालाही न धरता, एकट्या त्याच्यावर मी उभा होतो. आणि गेले कित्येक रविवार असाच उभा राहत होतो. वहीत त्याची नोंद नव्हती, कारण ते पळणं नव्हतं.

“मेंढरू लंगडाय लागलं तर मी काय करतो?” आबा म्हणाले.

“खोडाला बांधता.”

“बाकीची चराय जात्यात तवा?”

“तवाबी बांधूनच.” मी गावच्या बोलीत कधी गेलो ते मला कळलं नाही.

“मग तू लेका येवडी बुकं वाचलीस,” ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी तंबाखूबरोबर तोंडात ठेवलं.

त्यांनी अक्काला बोलावून सांगितलं की परीक्षा होईपर्यंत हे बंद. अक्काला ते पसंत पडलं नाही. आळीतल्या लोकांना ती काय सांगणार, असं तिनं विचारलं. “आमच्या पाठी काय सरकारच्या तारखेला थांबतात का? दुसऱ्या पायावर उभं राहा म्हणा की त्याला.” आबा म्हणाले, दुसऱ्या पायावर उभा राहिला तर फिरवणार कुठला, डावा? डाव्याला गुण नाही. मग बाजेवर बसून पाय लाव, असं कुणी सुचवलं. त्यावर मामानंच हरकत घेतली. उभ्या माणसाचा पाय आणि बसलेल्याचा पाय यांत फरक आहे, बसून केलेलं काम लागू पडत नाही, आपण आयुष्यभर बसून काम करतोय, आपल्याला ठाऊक आहे. शेवटी आबांनी सांगितलं की पायाळूचा गुणसुद्धा मेंढीच्या दुधासारखा आटतो आणि मध्ये थोडे दिवस पिळला नाही तर परत भरतो. असं काही नसतं. पण आळीनं ते मानलं. त्यानंतर दोन दिवस अक्का माझ्याशी मोजकंच बोलली आणि लेपाची वाटी दाराशी ठेवून जाऊ लागली.

वस्तादांचे चार दिवस मी उशीवर पाय ठेवून काढले. त्यांच्याइतके लांब दिवस मला बी. ए. च्या निकालाची वाट बघतानाही लागले नव्हते. खिडकीतून बघायचं तर समोर मागच होते. पाचव्या दिवशी सकाळी भीत भीत घोट्यावरचं फडकं सोडलं. दोन्ही घोटे सारखे दिसत होते. मी वहीतला निष्कर्ष खोडला. शाईनं लिहिला असल्यामुळं तो नीट खोडला गेला नाही.

मग वस्तादांनी पुढचं ठरवून दिलं. आठवडाभर फक्त चालायचं. त्यानंतर होटगीच्या रस्त्याला तारेचे खांब आहेत, तिथं जायचं आणि एक खांब पळायचं, एक खांब चालायचं. दोन दिवसांनी दोन खांब पळायचं, एक चालायचं. दुखलं तर तिथंच उभं राहायचं, पुढचा खांब गाठायचा नाही. मऊ कडेनं पळायचं, खडीवर नाही. आणि बूट घालायचे तर आत जुनं मऊ कापड घालून. हे सगळं सरळ होतं, कुठल्याही पुस्तकात लिहिता आलं असतं. पाळणं अवघड होतं. मी चालत असताना बैलगाड्या माझ्यापुढं जात. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बायका पुढं जात. त्यांतली एक रोजची झाली होती. ती वळून म्हणायची, “काय मास्तर, आज खांब मोजताय व्हय? किती भरले?” एकदा अपमान वाटून मी चालायचा खांब पळालो. रात्री घोटा थोडा ठणकला. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी तो चाचपला आणि काही न विचारता एक खांब कमी केला.

शेवटच्या आठवड्यात मी सलग मैलभर पळू शकलो. दोन मैल एकदाही पळालो नव्हतो. वस्ताद म्हणाले, दुसरा मैल तिथंच पळायचा, आधी खर्च करायचा नाही. शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळ, असंही त्यांनी सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी कचेरीमागच्या मैदानावर आम्ही अकरा जण होतो, सगळे पदवीधर. मैदानाला सहा फेऱ्या घालायच्या होत्या. साहेबांच्या हातात घड्याळ होतं आणि बाजूला हेडक्लार्क फेऱ्या मोजत होता. आबा कुंपणाच्या भिंतीवर बसले होते. शिट्टी झाली आणि दहा जण माझ्यापुढं निघून गेले. वेगानं पळण्यात मी गावात कुणाला हार गेलो नव्हतो, त्यामुळं दहा पाठी बघत पळणं मला फार कठीण गेलं. दोन फेऱ्या मी शेवटचा होतो. साहेब माझ्याकडं बघून हेडक्लार्कला काहीतरी बोलले. मी बोलता येईल इतक्याच वेगानं पळत होतो, पण बोलायला जवळ कुणी नव्हतं.

तिसऱ्या फेरीत एक जण पोटात कळ आली म्हणून बसला. चौथीत दोघांच्या पोटरीला पेटके आले. त्यांपैकी एकानं नवे बूट घातले होते आणि तो टाच उचलून चालत होता. ते बघून मला सगळं ओळखीचं वाटलं. पाचवीपर्यंत घोट्याचं काही म्हणणं नव्हतं. सहावीत त्यानं बोलायला सुरुवात केली, आधी हळू, मग प्रत्येक पावलाला. थांबायचं, पुढचा खांब गाठायचा नाही, हा वस्तादांचा नियम मला चांगला आठवत होता. पण तिथं खांब नव्हते. मी पाचवा आलो. हेडक्लार्कनं सतरा मिनिटं आणि वर काही सेकंद असं वाचून दाखवलं आणि कागदावर लिहिलं.

मग डॉक्टर. त्यांनी वेळेत आलेल्या आम्हा सात जणांना बाकावर बसवून एकेकाचे गुडघे, घोटे, तळवे बघितले. माझ्याआधी एकाच्या गुडघ्याशी ते जरा जास्त वेळ थांबले, आणि त्याला दुसऱ्या बाकावर बसायला सांगितलं. तो उठून गेला. माझा डावा घोटा त्यांनी हातात घेतला आणि अंगठा बरोबर तिथं दाबला.

“दुखतं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी इंग्रजीतच सांगितलं की नाही. चेहरा कसा ठेवायचा हे मला ठाऊक होतं. आमच्याकडं दुखण्यावर तापल्या लोखंडाचा डाग देतात, तेव्हा रडलेलं चालत नाही. त्यांनी पुन्हा दाबला आणि माझ्या डोळ्यांकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी सही केली. पदवी मिळाल्यानंतर सरकारशी बोललेलं माझं ते पहिलं खोटं. त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही, पण ते खोटं होतं.

हेडक्लार्कनं निवडलेल्या तिघांची नावं वाचली. माझं दुसरं होतं. अर्जावरचं हस्ताक्षर चांगलं आहे, असं साहेब म्हणाले. मी सरळ चालत मैदानाबाहेर आलो. तिथं मी बाकावरून कुणाला दिसत नव्हतो. आबा भिंतीवरून उतरून आले होते. नोकरीचं मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

“दुकतंय का?” त्यांनी विचारलं.

“लई,” मी म्हटलं.

“मग बस की खाली,” ते म्हणाले, आणि घोंगडी अंथरली.